अर्जदार सोबत आहेत

अनंतराव शेवग्याच्या झाडावर राहायला गेले त्याला पावणेतीन महिने होत आले होते.

म्हणजे त्यांच्या अस्थी. नदीवर नेईस्तोवर अस्थी घरात आणायच्या नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवायच्या, अशी रीत. आणि दारव्ह्यातल्या त्या घराच्या अंगणात झाड होतं ते एकच, शेवग्याचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेच्या माणसानं तांब्या फाटकाशी ठेवला आणि लांबूनच हाक मारली. कुंदाताईंनी त्याला लाल फडकं गुंडाळलं, शाल्मलीनं स्टुलावर चढून तो फांदीला बांधला. शेजारचे बापूजी कुंपणापलीकडून म्हणाले, "वहिनी, शेवगा फार ठिसूळ असतो. वजन पेलायचं नाही."

"जिवंतपणी बासष्ट किलो होते, बापूजी," कुंदाताई म्हणाल्या. "आता पेलेल."

नवरा जाऊन तीन दिवस झालेल्या बाईनं असं बोलावं हे बापूजींना आवडलं नाही. पण या घराचं बोलणंच तसं होतं, आणि ते वळण अनंतरावांनीच लावलेलं. 'अनंत अनंतात विलीन' असं जो छापेल त्याला मी मेल्यावर येऊन भेटेन, अशी ताकीद त्यांनी गावातल्या वार्ताहराला देऊन ठेवली होती. वार्ताहरानं नेमकं तेच छापलं. अजून तरी त्याला कोणी भेटलेलं नव्हतं.

अनंतरावांनी तहसील कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केली. देवावर त्यांचा विश्वास बेताचा, पण अर्जावर पूर्ण. "रकाना रिकामा ठेवू नये," हे त्यांनी मुलीला बाराखडीच्या आधी शिकवलं. "लिहायला काही नसलं तर 'लागू नाही' लिहावं. रिकामा रकाना म्हणजे परत आलेला अर्ज."

शाल्मलीनं आयुष्यात एकच रकाना रिकामा सोडला होता.

ती अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात होती. फेब्रुवारीत टाळेबंदीत अमरावती बंद होणार अशी कुणकुण लागली, तशी ती आदल्या दिवशीच एसटी पकडून घरी आली. थोडा खोकला होता. धुळीचा असेल म्हणाली. नवव्या दिवशी अनंतरावांना ताप आला. पुढे आशा सेविका विमलताई फॉर्म घेऊन आल्या, त्यात एक रकाना होता: 'कोणाच्या संपर्कातून लागण'. शाल्मलीनं बाकी सगळं सुवाच्य अक्षरात भरलं आणि तेवढा सोडला. कोणी काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही.

तेव्हापासून प्रवास हा शब्द काढला की ती विषय बदलायची. एका प्रवासात बाबा गेले. आता आई उरली होती, अडुसष्ट वर्षांची, साखर असलेली. जायचं होतं माहूरला, पैनगंगेवर, दोन तासांचा रस्ता. नाशिक अनंतरावांनी स्वतःच खोडून ठेवलं होतं: तिथं रांग फार. पण शाल्मलीची तारीख काही ठरेना. आधी ती म्हणाली, जिल्ह्याचा आकडा उतरू दे. उतरला. मग म्हणाली, नांदेडचा उतरू दे, नदीच्या पलीकडे नांदेड जिल्हा. तोही उतरला. मग म्हणाली, आईचा दुसरा डोस होऊ दे. तो डोस तर सरकारी पगारवाढीसारखा, जवळ गेलं की पुढे सरकायचा. आधी चार आठवडे, मग सहा, मग बारा.

रोज सकाळी ती पेपरात आकडे बघायची आणि कुंदाताई तिच्याकडे.

"बापावर गेलीस," एकदा त्या म्हणाल्या. "रिकामी एसटी येऊ दे, रिकामी एसटी येऊ दे, म्हणून चार गाड्या सोडायचे. पाचवी यायचीच नाही. मग सहावीत उभ्यानं."

"आई, हे एसटीसारखं नाही."

"नाही ना. एसटीला निदान कंट्रोलर तरी असते."

तीस मेला दुपारी कुंदाताईंनी अनंतरावांचा मोबाइल तिच्यासमोर ठेवला. तो बंद करायचं दोघींच्याही अजून जिवावर येत होतं. पडद्यावर पोलिसांचा ई-पास होता, मंजूर.

"मी भरला," कुंदाताई म्हणाल्या. "दोन दिवस लागले. त्यात उलटं गेलं की सगळं पुसतं."

शाल्मलीनं वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. अर्जदाराचं नाव: अनंत. वय एकाहत्तर. सहप्रवासी: कुंदा, शाल्मली. एकूण प्रवासी तीन, चालक वेगळा. प्रवासाचं कारण: अंत्यविधी.

"आई! हे बाबांच्या नावावर आहे."

"मग काय झालं? ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येते, आधार कार्ड त्यांचं वरच सापडलं. या घरातला कोणता अर्ज त्यांच्या नावाशिवाय गेला आहे?"

"ते वारले आहेत."

"असा रकानाच नव्हता त्यात."

अर्जाला डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलेलं होतं. पास काढणाऱ्यांची तेव्हा अशी रीघ होती, की नावांची चिठ्ठी दवाखान्याच्या खिडकीतून आत द्यायची आणि शिक्का घेऊन यायचं. शाल्मलीनं ते मोठं करून पाहिलं. 'वरील तिन्ही व्यक्तींना सर्दी, ताप, खोकला नाही. श्वास घेण्यास कोणताही त्रास नाही.'

ती त्या ओळीवर थांबली. शेवटच्या रात्री तिनं बाबांचा श्वास मोजला होता. आता प्रमाणपत्रच होतं.

"पास उद्याचा आहे," कुंदाताई म्हणाल्या. "फुलसिंगला सांगितलं. तुला यायचं नसलं तर आम्ही दोघं जातो."

फुलसिंगची जीप एरवी दारव्हा-यवतमाळ चालायची, माणसं कोंबून. आता दोन महिने दारात उभी होती. सकाळी सहाला तो आला तेव्हा त्यानं स्वतःच तांब्या पुढच्या सीटवर ठेवला आणि आपल्या दुपट्ट्यानं सीटच्या पाठीला बांधला. अनंतराव नेहमी पुढेच बसायचे. मागं त्यांना मळमळायचं.

"आजच्या आज मले परत सोडजा बाप्पा," फुलसिंग म्हणाला. "उद्या एक तारीख. उद्यापासून सरकीचं बियाणं सुटून राह्यलं. लाइनीत लागा लागते."

"आधी काहून नाही देत?" कुंदाताईंनी विचारलं.

"बोंडअळी, काकू. गेल्या साली अर्धा कापूस तिनंच खाल्ला. सायेब म्हणते, लवकर पेरू नका, अळीची साखळी तोडाची हाय. इकडं माणसाची तोडून राह्यले, तिकडं अळीची. अळी काई पास काढत नाई, तिले कोण अडोते?"

दिग्रस मागं पडलं. शाल्मलीनं दोन मास्क लावले होते, सगळ्या काचा खाली करवल्या होत्या, आणि आईच्या हातावर दर अर्ध्या तासानं सॅनिटायझर ओतत होती. फुलसिंग आरशातून मागं पाहत म्हणाला, "ताई, एक सांगू? मले झोप नाई येत. त्या सोमवारी काका माह्याच गाडीत यवतमाळले गेलते. तुमी याच्या आधी. अकरा जण होते. एक जण खोकत होता. मले वाट्टे तिथंच..."

"घ्या," कुंदाताई म्हणाल्या. "तू तिसरा. बापूजी म्हणतात, माझ्याकडच्या भजनात लागलं. तुझ्या काकांना मारल्याचे अर्ज फार आलेत रे. तुझाही ठेवून घेते."

शाल्मली खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं होती. ती मान न वळवता म्हणाली, "माझाही घे."

"तुझा मी तेव्हाच पाहिला," कुंदाताई म्हणाल्या. "विमलताईंच्या फॉर्मात रकाना रिकामा सोडलास. हात थांबला होता तुझा. फाटकाशी मी तो परत मागून घेतला आणि भरला."

"काय लिहिलंस?"

"वांगी."

"काय?"

"वांगी लिहिलं. रविवारी बाजारात भरताच्या वांग्यांसाठी त्यांना मीच पाठवलं होतं. ते नको म्हणत होते. विमलताई म्हणाल्या, असं नाही चालत. मी म्हटलं, रिकामं तर त्याहून नाही चालत."

शाल्मलीला हसू आलं की काय ते तिलाच कळलं नाही. दोन मास्कांच्या आत काहीतरी झालं आणि मास्क ओले झाले. कुंदाताईंनी सॅनिटायझरची बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि पिशवीत टाकली.

धनोड्याचा पूल ओलांडला की पलीकडे नाका. मांडवाखाली टेबल, टेबलावर रजिस्टर, खुर्चीत हवालदार. त्यांनी मोबाइलवरचा पास पाहिला, गाडीत डोकावले, परत पास पाहिला.

"प्रवासी तीन लिहिलेत. तुम्ही तर दोघीच. अर्जदार कुठंयत?"

"सोबत आहेत," कुंदाताई म्हणाल्या आणि पुढच्या सीटकडे बोट केलं.

हवालदारांनी लाल फडकं पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं. "कोरोनानं गेले का?"

"हो."

आणखी एक पाऊल. "ओ बाई, मेलेल्या माणसाला पास मिळत नसतो."

"मिळालाय. तुमच्या हातात आहे."

"चूक आहे ही!"

"कारण वाचा."

"अंत्यविधी."

"मग? ज्याचा अंत्यविधी, तोच नको का?"

हवालदारांनी टोपी काढली, डोकं पुसलं. मागं दोन ट्रक हॉर्न देत होते. पास खरा होता, अर्जदार गाडीत होता, लक्षणं नव्हती. नियमात बोट ठेवायला जागा सापडेना. शेवटी त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "तिघांच्या तीन ओळी करा. अन् अर्जदाराची सही लागते. आता ती कशी आणता ते बघा."

शाल्मली उतरली. नववीत गणिताचे गुण घरी दाखवायची सोय नव्हती, तेव्हा प्रगतिपुस्तकावर तिनं ही सही पहिल्यांदा केली होती. वळणदार अ, खाली दोन रेघा, मध्ये टिंब. आता हात लागला आणि सही आपोआप उमटली. हवालदार त्या वेळी मुद्दाम ट्रकांकडे पाहत होते.

नदी आटलेली होती. यवतमाळच्या बाजूला वाळू आणि दगड. पाण्याचा होता नव्हता तेवढा डोह नांदेडच्या काठाला. "बघ," कुंदाताई म्हणाल्या, "यासाठीच पास हवा होता." दोघी गुडघाभर पाण्यात उतरल्या. फडकं सुटलं. शाल्मलीनं तांब्या तिरका केला. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार थोडं होतं, आणि ते लवकर दिसेनासं झालं. फुलसिंगनं काठावरून, चप्पल हातात धरून, दोन्ही हात जोडले, चपलेसकट.

परतताना पुन्हा तोच नाका. हवालदारांनी रजिस्टर उघडून ठेवलं होतं. शेवटचा रकाना: 'परतीची वेळ'. पहिल्या ओळीत अनंतराव, खाली त्या दोघी. शाल्मलीनं दोघींच्या पुढे दहा वाजून चाळीस मिनिटं लिहिलं.

"वरच्या ओळीचं काय?" हवालदार म्हणाले, या खेपेला हळू आवाजात. "तशीच सोडा. मी सांगेन साहेबांना."

"नको," शाल्मली म्हणाली. "रिकामी नको."

तिनं वरच्या ओळीत लिहिलं: लागू नाही. आणि खाली सही केली, स्वतःची.

ती गाडीकडे वळली तेव्हा कुंदाताई पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या, दुपट्टा घडी करून मांडीवर.

"आई, तिथे?"

"त्रेचाळीस वर्षं मागं बसले," कुंदाताई म्हणाल्या. "इथून रस्ता चांगला दिसते. बस लवकर, फुलसिंगला उद्या लाइनीत लागायचं आहे. आणि ते दोन मास्क काढून कोरडा घाल एक."