सात नंबरच्या पलंगाजवळचा पडदा

मित्रांनो, पडदा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर खिडकी येईल, नाहीतर नाटकाचा रंगमंच. मी या दोन्हींतला नाही. मी रुग्णालयातला पडदा. तीन घड्यांची लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेले हिरवे कापड आणि खाली सहा चाके, एवढाच माझा संसार. त्यातले एक चाक जन्मापासून कुरकुरे आहे. आता मी म्हातारा झालो, अंगावरच्या रंगाचे पोपडे निघाले, पण आठवणी अजून शाबूत आहेत.

पलंग आणि सलाइनचे स्टँड बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. वेल्डरने नळ्या जोडल्या, त्याच्या बायकोने कापड शिवले. माझ्या पाठवणीच्या कागदावर 'थिएटर' असे लिहिले आहे, हे कानावर पडले आणि मी हरखून गेलो. आता गाणी, टाळ्या, शिट्ट्या! टेम्पोतून उतरलो तेव्हा कळले की ते ऑपरेशन थिएटर होते. तिथे पडदे आधीच जास्त झाले होते. मग मला ढकलत ढकलत पुरुषांच्या वॉर्डात आणले. वीस पलंग आणि एक लांबलचक खोली. टाळ्या कुठल्या, तिथे सगळा खोकल्याचाच कारभार.

सुरुवातीला माझे काम मला फारच क्षुल्लक वाटे. कुणाचे ड्रेसिंग असले, कुणाचे अंग पुसायचे असले की मला आणून उभे करायचे. काम झाले की पुन्हा भिंतीशी. माझे डोळे उघडले ते मोठ्या सिस्टरांमुळे.

त्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. उंचीने त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागत. मी आल्यानंतर आठवडाभरातच, भर दुपारी, तिथले एक गृहस्थ गेले. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला दोन वाक्यांत काय ते सांगितले आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले. मोठ्या सिस्टरांनी मला स्वतः ओढत आणले, आत दोन खुर्च्या ठेवल्या आणि त्या बाईंना म्हणाल्या, "तुम्ही बसा त्यांच्याजवळ. इथं कोणी येणार नाही. मी बाहेर उभी आहे."

आणि त्या खरोखरच माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने कार्यालयातला कारकून कागद घेऊन आला.

"सिस्टर, फक्त एक सही हवी होती त्यांची."

"सही कुठं पळून जात नाही. नंतर या."

ती बाई गेल्यावर मला वाटले, आता मला हलवतील. पण मोठ्या सिस्टरांनी त्या गृहस्थांची तीन आठवडे सेवा केलेल्या सिस्टरला हाताला धरून आणले आणि माझ्या आत बसवले. "आता तू बस जरा. रडायचं तर रड. तुझे पेशंट मी बघते."

मी थक्क झालो. सेवा करणाऱ्यालाही आडोसा लागतो, हे तोवर माझ्या ध्यानीमनी नव्हते. त्या दिवसापासून मी माझ्या कामाला कधी क्षुल्लक म्हटले नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी आज बोलायला उभा राहिलो आहे. बसणे मला जमत नाही.

एकदा आठ नंबरच्या पलंगावर एक म्हातारे शिंपी आले. त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. जखमेत पू धरला, म्हणून मुक्काम लांबला आणि रोज एक सुई सुरू झाली. ड्रेसिंगच्या वेळी ते आपल्या पोटाकडे निरखून बघत आणि डॉक्टरांना सांगत, "टाका सरळ आहे, पण दोरा फार जाड वापरलात." तेव्हा माझी मधली शिवण हातभर उसवली होती. ती बघून त्यांचा जीव कासावीस होई. शेवटी मोठ्या सिस्टरांनी त्यांना सुई-दोरा आणून दिला. पण आठ नंबरवर उजेड कमी. सात नंबर खिडकीला लागून होता. तिथे होते निवृत्त पोस्टमनकाका. त्यांना मधुमेह होता, पायाला जखम होती आणि खिडकीतले ऊन डोळ्यांवर आले की ते वैतागत. दोघांनी संध्याकाळी पलंग बदलायचे ठरवले आणि मोठ्या सिस्टरांना विचारले. त्या नुकत्याच आलेल्या एका पेशंटला पलंगावर घेत होत्या. तशाच हसून म्हणाल्या, "घ्या की बदलून."

पलंग बदलले. दारावरच्या फळ्यावर पलंगांच्या नंबरांसमोर लिहिलेली नावे मात्र बदलायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी कामावर आली. ती वॉर्डातली सर्वांत नवी सिस्टर. आवाज बारीक आणि चाल तुरुतुरु, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. आदल्या दिवशी तिची सुटी होती. नाश्त्याआधी द्यायच्या इन्सुलिनच्या कागदावर लिहिले होते, 'पलंग सात'. सात नंबरवर शिंपीआजोबा मान खाली घालून माझी शिवण घालत होते.

"आजोबा, सुई."

"रोज कमरेत असते. आज दंडात होय?"

"आज दंडात," ती म्हणाली. तिचे लक्ष पुढच्या पलंगाकडे होते.

मी तिथेच उभा होतो. तोंड असते तर ओरडलो असतो, असे म्हणायला मला आवडले असते. पण खरे सांगतो, तेव्हा मलाही काही कळले नाही.

नाश्ता आला. आजोबांनी ताटली बाजूला सारली, हातातली शिवण आधी पुरी करायची म्हणून. तेवढ्यात आठ नंबरवरून पोस्टमनकाकांनी हाक मारली, "अहो सिस्टर, माझं इन्सुलिन राहिलं की आज! खाऊ का थांबू?"

चिमणी जागच्या जागी थिजली. तिने सात नंबरकडे पाहिले, आठ नंबरकडे पाहिले, दारावरच्या फळ्याकडे पाहिले. मग ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या श्वासाने माझे कापड हलत होते. कोणालाच काही कळलेले नव्हते. काकांना त्यांची सुई देऊन गप्प बसणे तिच्या हातात होते. माझ्या एका बाजूला ती उभी होती. दुसऱ्या बाजूला आजोबांची सुई कापडात शिरायची चुकू लागली होती आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

ती धावली, ती थेट मोठ्या सिस्टरांच्या टेबलाकडे.

"माझ्या हातून... सात नंबरच्या आजोबांना... पोस्टमनकाकांचं इन्सुलिन..."

"किती दिलंस? केव्हा?"

"सोळा युनिट. पाऊण तास झाला."

"सांगितलंस ते फार बरं केलंस. चल."

एवढेच. एक शब्द रागाचा नाही. वाटेतच त्यांनी डॉक्टरांना निरोप धाडला, दुसऱ्या सिस्टरला पोस्टमनकाकांकडे पाठवले आणि मला फर्रकन ओढून सात नंबरभोवती उभे केले. आजोबा घामाने निथळत होते. डोळे अर्धवट मिटलेले, आणि ओठांत पुटपुटत होते, "छाती अडतीस... बाही साडेबावीस..." रक्तातली साखर तपासली. धावत आलेल्या डॉक्टरांचा चेहरा आकडा बघून उतरला. आजोबांचे पुटपुटणेही थांबले.

चिमणी मागे सरकत होती. मोठ्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ नकोस. त्यांचा हात धर घट्ट. शीर मी बघते."

म्हाताऱ्या हाताची ती शीर केसासारखी बारीक होती. मोठ्या सिस्टरांनी ती पहिल्या खेपेला धरली. ग्लुकोज आत जाऊ लागले. माझ्या तीन घड्यांच्या आत तेव्हा चार माणसे होती आणि त्यांतले एकही धड श्वास घेत नव्हते. मोठ्या सिस्टर मात्र आजोबांशी बोलत राहिल्या, जणू ते उत्तरे देतच आहेत. "आजोबा, बाही झाली, आता कॉलर सांगा. कॉलर किती ठेवू?"

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मग आजोबांच्या पापण्या हलल्या आणि ते स्पष्ट म्हणाले, "कॉलर मी मापानं ठेवत नाही, अंदाजानं ठेवतो."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. चिमणी हुंदके देऊ लागली. आणि मी? रुग्णालयात राहून चमत्कार वगैरे शब्द मी वापरत नाही. पण त्या सकाळी माझ्या लोखंडातूनही शहारा गेला.

आजोबांचा धोका टळला, तरी दिवसभर त्यांची साखर पुन्हा पुन्हा तपासायची होती. दुपारी रुग्णालयाचे मोठे साहेब आले. माझ्याजवळच उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, माणूस बरा आहे ना? मग घरच्यांना 'साखर जरा उतरली होती' एवढं सांगा आणि टाका पडदा या प्रकरणावर."

मोठ्या सिस्टरांनी माझ्या चौकटीवर हात ठेवला. "साहेब, पडदा हा एवढाच आहे माझ्याकडे. तो पेशंटसाठी लागतो. ह्यांच्या मुलीला मी खरं सांगणार आहे."

आजोबांची मुलगी बसमध्ये कंडक्टर होती. ती ड्यूटी संपवून गणवेशातच आली. मोठ्या सिस्टरांनी तिला खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या आणि काही आडवळण न घेता सगळे सांगितले. "पलंग बदलायला मी हो म्हटलं. फळ्यावरचं नाव बदलायचं काम माझं होतं, ते मी विसरले. चूक तिथून सुरू झाली."

मुलगी ताडकन उठली. "विसरलात? आम्ही आमचं माणूस तुमच्या भरवशावर ठेवून कामाला जातो, आणि तुम्ही विसरलात?"

"हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला राग यायलाच हवा."

"सुई कोणी टोचली?"

मोठ्या सिस्टर काही बोलायच्या आत माझ्यामागून चिमणी बाहेर आली. तिला कोणी बोलावले नव्हते. "मी दिली. मी नाव विचारलं नाही. माझं चुकलं."

मुलीने तिला आपादमस्तक पाहिले. "माझ्या वडिलांना पुन्हा हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "त्यांचं सगळं मी करीन." आणि पुढचे सहा दिवस त्यांनी ते केले. अंग पुसण्यापासून ड्रेसिंगपर्यंत सगळे, मला स्वतः ओढत नेऊन.

त्या संध्याकाळी चिमणीने नोकरी सोडल्याचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. मोठ्या सिस्टरांनी त्याची घडी करून खिशात घातली. "हा राहू दे माझ्याकडे. आठ दिवसांनी माग, परत देईन. तोवर रोज ये." घाबरलेल्या पोरीला त्यांनी घरी पाठवले आणि स्वतः अहवाल लिहायला बसल्या. त्यात पहिली चूक स्वतःची लिहिली. पुढे चौकशी झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना लेखी ताकीद मिळाली. पण त्याआधी, त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्या सिस्टर, मावशी आणि मामा गोळा झाले, तेव्हा त्यांनी आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली आणि म्हणाल्या, "आजपासून सुई देण्याआधी पेशंटचं पूर्ण नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं. रोज. ओळखीचा असला तरी. मीसुद्धा."

वॉर्डात त्यावरून थट्टा सुरू झाली. पोस्टमनकाका म्हणत, "जन्मभर मी लोकांची नावं विचारत दारोदार फिरलो, आता माझी पाळी!" पण नाव सांगत मात्र रोज.

आजोबांची घरी जायची सकाळ आली. एक शेवटची सुई तेवढी राहिली होती. मोठ्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या. मुलगी पिशवी भरत होती. आजोबा म्हणाले, "ती चिमणी माझ्या पलंगाकडे फिरकत नाही सहा दिवस. पळवलीत का तिला?"

"बाबा," मुलगी दटावून म्हणाली.

"काय बाबा? काम शिकताना पहिल्याच वर्षी मी एकाच्या लग्नाचा कोट उलटा कापला होता. उस्तादांनी कात्री काढून घेतली असती, तर तुला कोणी वाढवलं असतं?"

मुलीने पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मग मोठ्या सिस्टरांकडे न बघताच म्हणाली, "बोलवा त्यांना."

चिमणी आली. हातात ट्रे आला तसा तो किणकिणू लागला. मोठ्या सिस्टर तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, पण ट्रेला हात लावला नाही.

"आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

आजोबा उशीला टेकून ताठ बसले. त्यांनी स्वतःचे, वडिलांचे आणि घराण्याचे नाव असे खणखणीत सांगितले की वीसच्या वीस पलंगांवरच्या माना वळल्या. चिमणीने कागद पाहिला, मनगटावर नव्याने बांधलेली नावाची पट्टी पाहिली आणि सुई दिली. मुलगी तिच्या हातांकडे टक लावून बघत होती. सुई निघाली तेव्हा तिने हळूच सोडलेला श्वास मी ऐकला.

"दुखलं का हो?" चिमणीने विचारले.

"छे. टाका बरा घालतेस."

मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात टाळ्या ऐकल्या त्या तेव्हा. सुरुवात पोस्टमनकाकांनी केली.

पुढे छताला पट्ट्या बसवून नवे सरकते पडदे आले. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. मला लसीकरणाच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवले आहे. कोणी माझ्यावर ओला टॉवेल टाकतो, कोणी छत्री अडकवतो. कुरकुऱ्या चाकात तेल घालावे, असे कोणाच्या मनात येत नाही. तक्रार नाही, पण येता-जाता एक थेंब घातलात तर दुवा देईन. तुमच्यापैकी बरेच जण सुईच्या भीतीने माझ्याच मागे दडतात. दडा खुशाल, आडोसा द्यायलाच तर माझा जन्म आहे. मात्र कधी हातून चूक झाली, तर माझ्यासारख्याच्या मागे फार वेळ थांबू नका. बाहेर मोठ्या सिस्टर असतीलच, असे वचन मी देऊ शकत नाही. सगळीकडे त्या नसतात. तरीही या बाहेर. चिमणी आली तेव्हा बाहेर काय होणार, हे तिलाही ठाऊक नव्हते.