तळहाताएवढी जागा

"सहा महिने झाले, हा माणूस कोट धुवायला टाकत नाही. साठी उलटल्यावर असले नखरे!" जमनाबाईंनी भिजलेली चादर दगडावर आपटली. सून शालन पिळा धरायला उभी होती. तिनं ऐकून घेतलं. त्या घरात बोलण्याचं काम एकट्या सासूकडे होतं आणि त्यात कुणाची मदत त्यांना लागत नसे.

"आंघोळीच्या खोलीतूनच बटणं लावून बाहेर येतात. नव्या नवरीसारखे. चाळीस वर्षं यांची पाठ चोळली मी, आता मलाच लाजायला लागलेत."

खंडोजी परसात आले ते खरोखरच गळ्यापर्यंत बटणं लावून. काळा, बंद गळ्याचा कोट. डोक्यावर टोपी, हातात कापड मोजायचा गज.

"कोट द्या इकडं. काखेत डाग बसलेत."

"दुकानाला उशीर होतोय."

"दुकान काय रेल आहे, सुटून जायला?"

"संध्याकाळी देतो."

"सरी, बरं. कुठल्या वर्षीची संध्याकाळ, तेवढं सांगून जा."

ते हसले आणि गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. जमनाबाईंनी ती उचलून दाराशी आलेल्या गाईला घातली आणि गाईलाच सांगितलं, "बाजारात डोसे हादडायचे आणि घरच्या भाकरीला नाकं मुरडायची."

खंडोजींचं शिवणकामाचं दुकान चामराजपेटेतून बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. सरकारी कचेऱ्यांचं विधानसौध उभं राहिलं आणि कचेरीत जाणारी माणसं वाढली, तसे त्यांच्याकडे कोटही वाढले. हाताची टीप बारीक, बोलणं कमी. दुसऱ्या कुणी बिघडवलेला कोट दुरुस्तीला आला की ते उलटापालटा करून बघत आणि एवढंच म्हणत, "कापड चांगलं होतं. वाया घालवलं." घरातल्या माणसांना हे वाक्य पाठ होतं. कुणाची पोळी करपली तरी ते म्हटलं जाई.

त्या घरात एक रीत होती. जमनाबाईंच्या सासूनं ती घालून दिली होती. पुरुष पन्नाशीला आला की त्याच्यासाठी एक नीट बेतलेला कोट शिवायचा, आणि दरवर्षी खंडेनवमीला, मशीन-कात्रीची पूजा झाली की, बायकोनं त्याच्या पोटावरच्या बटणांमधून हात आत घालून बघायचा. तळहात सपाट जायला हवा. जाईना, तर गडी सुटला, तूप बंद. आणि आत मूठ मावली, तर वैद्याला बोलवायचं. सासऱ्यांच्या, अप्पांच्या, कोटात मूठ मावली होती. मग वैद्य आला होता, आणि पुढच्या खंडेनवमीला सासरे नव्हते. पण चूक वैद्याची, रीतीची नव्हे, असं जमनाबाईंचं मत होतं.

यंदाही दारात कुंकू भरलेला कोहळा फुटला, मशीनला झेंडूची माळ पडली. मुलगा गुरुराज, शालन, शेजारची गंगव्वा, सगळ्यांच्या देखत जमनाबाईंनी हात घातला. तळहात बरोबर बसला. खंडोजी श्वास धरून छताकडे बघत होते.

"हे बघा," जमनाबाईंनी हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला, जसं काही त्यातच प्रसाद होता. "पन्नाशीला शिवलेला, गुरुराजच्या लग्नातला कोट. अजून तसाच बसतो. औषधाची बाटली माहीत नाही या घराला." मग गंगव्वाकडे वळून, "तुमच्या देवाप्पांना मात्र दवाखान्यात एक खाटच घेऊन द्या बाई. दर महिन्याचं जाणंयेणं तरी वाचेल."

गंगव्वाचं माहेर बेळगावकडचं, ती कुणाला भीत नसे. "असू दे अक्का. आमच्यांना रक्तदाब हाय, मीठ बंद हाय, रोज रडत्यात. पण जात्यात तसं परतबी येत्यात."

सगळे हसले. खंडोजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी हात पोटावर दाबून धरला. जमनाबाईंना वाटलं, बटण सांभाळतायत.

दिवाळीनंतर एके दुपारी खंडोजी दुकान उघडं टाकून घरी आले. असं कधी झालं नव्हतं. ओसरीवर चढता चढता त्यांनी खांबाला धरलं आणि अंगावरच ओकले. जमनाबाई धावल्या, धावता धावता बोलल्याच, "खा अजून हॉटेलात." मग त्यांनी ओकारीकडे बघितलं. तिच्यात डोसा नव्हता. काहीच नव्हतं. नुसतं काळसर पाणी.

खंडोजींना अंथरुणावर निजवलं. कोट काढताना त्यांनी एकदा हात आडवा घातला, पण त्या हातात जोर नव्हता. डोळा लागला त्यांचा.

जमनाबाई कोट घेऊन परसात बसल्या. लोकरीचा कोट, अस्तर सोडवून वेगळं धुवायला हवं होतं. कडेची शिवण चिमटीत धरली आणि बोटं थांबली. कापड जाड लागत होतं. शिंप्याच्या बायकोची बोटं ती. शिवणीच्या आत किती माया, किती जादा कापड सोडलं आहे हे त्यांना न बघता कळे. या कोटात माया सोडली होती दोन बोटं. आता हाताला लागत होतं ते ओंजळभर होतं.

त्यांनी अस्तर उसवलं. एका टिपेच्या आत दुसरी टीप होती, तिच्या आत तिसरी, तिच्याही आत एक. कडेला, पाठीला, मुंढ्याला, बाहीला. सगळी हातशिलाई. इतकी बारीक, इतकी सरळ, की बाहेरून कोटाला सुरकुती नव्हती. अशी टीप अख्ख्या पेटेत एकच माणूस घालत होता.

शालन बादली घेऊन आली. "आत्याबाई, कोट भिजवू?"

"राहू दे."

"डाग धरेल."

"धरू दे म्हटलं ना."

त्या बसल्या जागी सगळं उसवत गेल्या. दोऱ्याचे तुकडे पदरात साठले. ऊन भिंतीवर चढलं. कोट मोकळा झाला, तेव्हा तो एका भरल्या अंगाच्या माणसाचा कोट होता. तो माणूस त्यांना चांगला आठवत होता.

खंडोजी जागे झाले तेव्हा त्या कोट घेऊन समोर उभ्या होत्या.

"उठा. घाला."

खंडोजींनी कोटाकडे बघितलं. बाह्या घातल्या, बटणं लावली. कोट खुंटीवर असतो तसा त्यांच्यावर लोंबत राहिला. जमनाबाईंनी बटणांमधून हात घातला. मूठ केली. मग दुसरा हात घातला, त्याचीही मूठ केली. दोन्ही मावल्या.

डॉक्टर मल्लेश्वरमचे होते. त्यांनी खंडोजींचं पोट खूप वेळ दाबून बघितलं, फोटो काढायला सांगितलं, आणि फोटो आल्यावर गुरुराजला तेवढं आत बोलावलं. जमनाबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांनाच त्यांच्या डोळ्याला डोळा देता येईना.

"अम्मा," ते म्हणाले, "स्वल्प लवकर आणायला हवं होतं. वर्षापूर्वी. आता आवडेल ते खायला घाला."

गुरुराज नळावर तोंड धूत होता. बराच वेळ धूत होता.

आवडेल ते, असं डॉक्टरांनी म्हटलं खरं. पण पेज दोन चमचे गेली की तिसरा ओठांवरून परत येई. संक्रांत आली. भेटायला येणारी माणसं दारातून आत येताना बोलत येत आणि खाटेपाशी गप्प होत. देवाप्पाही आले, गाल वर आलेले, हातात औषधाची पुडी. अळणी जेवणाच्या तक्रारी सांगून ते स्वतःच्या पायांनी घरी गेले.

ते गेल्यावर खंडोजींनी खुणेनं जमनाबाईंना बोलावलं.

"कोट जरा आत घेशील? माणसं येतात. असा लोंबतो, बरं दिसत नाही."

"घेणार नाही."

"मग सुई दे. मी घेतो."

"सुई धरवते का हातात?"

त्यांनी हात वर करून बघितला आणि खाली ठेवला. रस्त्यावर चाफ्याची फुलं विकणारी ओरडत गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

"का लपवलंत?" जमनाबाईंनी विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

"वाटलं, वाताचं आहे. जाईल."

"गेलं नाही तेव्हा?"

"तेव्हा भीती वाटली. कोट सैल झाला, तू मूठ घालशील, घर सगळं गोळा होईल. अप्पांच्या वेळेसारखं." ते दमले. थोड्या वेळानं म्हणाले, "आत घेतला की बरोबर बसायचा. मग तू हात घालायचीस. म्हणायचीस, तसाच आहे. जमने, तू म्हटलंस की मलाही खरं वाटायचं. वाटायचं, खरंच काही झालं नाही."

जमनाबाईंनी खुंटीवरचा कोट काढला, खंडोजींच्या खांद्यांवर नीट घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. मग सवयीनं हात आत घातला. आत जागाच जागा होती. हात सदऱ्यावरून पोटापर्यंत गेला आणि तिथंच, सपाट, टेकून राहिला.

"कसा आहे?" खंडोजींनी विचारलं.

त्यांनी हात काढला नाही.

"कापड चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "वाया घालवलंत."