आर्लीटाच्या उशाशी

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका, माझं तोंड तुमच्याकडे नाही. ज्या बोलण्यासाठी माझा जन्म झाला, ते बोलणं माणसाशी मी आजवर एकदाही बोललेलो नाही. पण मला स्वस्थ बसवत नाही, हे मात्र खरं. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, ती सदा दाबलेली. तुम्ही जेवता, झोपता, चर्चमध्ये जाऊन गाणी म्हणता. मी आपला आतल्या आत दाबलेला. अशा जिवाला शांती कुठून मिळायची?

माझं बालपण म्हणाल तर चुटकीसरशी संपलं. कारखान्यात पोलाद कापलं, घासलं, काळं केलं. एका माणसानं दोन गोळ्या झाडून बघितल्या, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. तिथून निघालो तो थेट ओक्लाहोमातल्या मिलर्स बेंड गावी, ऑरिनच्या दुकानात. पुढं मासे पकडायचे गळ, मागं काचेखाली आम्ही.

ऑरिनचं दुकान म्हणजे गावातल्या पुरुषांचा अड्डा. यायचे, कॉफी प्यायचे, पावसाला आणि सरकारला शिव्या द्यायचे. मग मला हातात घ्यायचे, एक डोळा मिटून भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरायचे आणि परत ठेवून द्यायचे. बघण्याचे कार्यक्रम नुसते! होकार कुणाचाच नाही. मी अगदी वैतागून गेलो होतो.

अशात एके दिवशी आर्लीटा प्रुइट नवऱ्याला घेऊन आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, पन्नाशी उलटलेली, दंडांनी भक्कम बाई. तिचा नवरा वेंडेल लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवडे आठवडे बाहेर. आदल्या रविवारी दोघं चर्चमध्ये असताना त्यांच्या घरी चोरी झाली होती. टीव्ही गेला, वेंडेलची शिकारीची बंदूक गेली. त्याचं तिला काही नव्हतं. पण चोरानं तिच्या कपड्यांचे खण पलंगावर उपडे केले होते, परक्या माणसाचे हात तिच्या आतल्या कपड्यांतून फिरून गेले होते. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आता गंमत बघा. पिस्तूल हवं बायकोला, आणि निवडायला लागले ऑरिन आणि वेंडेल! ऑरिननं लगेच एक चिमुकलं, गुलाबी मुठीचं काढलं.

"बाईमाणसाला हलकंच बरं," वेंडेल म्हणाला. "पर्समध्येसुद्धा मावेल."

"वेंडेल, मी काय बाहुली खेळायला आलेय?" आर्लीटा म्हणाली. "ते गुलाबी खेळणं ने तुझ्या ट्रकमध्ये."

इथं बहुतेक नवरे चुकतात. जितकं पिस्तूल हलकं तितका त्याचा दणका जास्त. मनगटाला एकदा झटका बसला की बाई पुन्हा त्याला हात लावत नाही. मी मध्यम चणीचा, अंगानं जड. आर्लीटानं मला उचललं आणि माझी मूठ तिच्या तळव्यात अशी बसली की माझ्या मनात आलं, चला, सुटलो एकदाचा! फक्त माझी वरची पट्टी काही तिला मागे ओढता येईना. ती ओढल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही. तिनं दात-ओठ खाल्ले, चेहरा लाल झाला, पट्टी तसूभर हलली नाही.

"टूमीबाईंकडे जा," ऑरिन म्हणाला. "त्या शिकवतील. आणि शिकल्याशिवाय घरात भरून ठेवू नकोस, सांगून ठेवतो."

टूमीबाई म्हणजे जुन्या पोलीस. आता गावाबाहेर मातीच्या बंधाऱ्यासमोर नवशिक्यांचा वर्ग घेतात. आवाज असा की कानावर जाड आवरणं घातली तरी ऐकू यावा. दुपारपर्यंत त्यांनी एक गोळी झाडू दिली नाही. मी नुसता तळमळत होतो.

"रिकामं आहे म्हणालात तरी उघडून बघायचं. नवरा म्हणाला तरी बघायचं. नवरा म्हणाला तर दोनदा बघायचं! बोट बाहेर, चापाच्या वर, सरळ. आणि समोर काय आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट आत जाता कामा नये. आवाजावर गोळी झाडायची नाही. कळलं?"

मग त्या आर्लीटाजवळ आल्या. "ओढतेस कशाला गं? पट्टी घट्ट धर आणि दुसऱ्या हातानं मूठ पुढं ढकल. शाळेत पिठाचे गोळे रेटतेस ना, तसं."

आर्लीटानं रेटलं आणि पट्टी खाडकन मागे गेली! पहिल्या गोळीला ती किंचाळली, डोळे मिटले, गोळी मातीत गेली. मग तिला हसू फुटलं, हसता हसता रडूच आलं. संध्याकाळपर्यंत मात्र कागदी माणसाच्या छातीत तिनं भोकं पाडली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! कधी नव्हे तो मोकळा झालो होतो.

निघायच्या आधी टूमीबाईंनी विचारलं, "तुमच्या घरात न विचारता कोण कोण येतं?"

अख्खा वर्ग हसला. मिलर्स बेंडमध्ये आपली माणसं मागच्या दारानं, थेट स्वयंपाकघरात येतात. पुढचं दार विमा विकणाऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी. मागच्या दारावर कुणी टकटक केली, तर समजावं की स्वारी रुसली आहे.

"आमच्याकडे व्हर्नामावशी येते," आर्लीटा म्हणाली. "शेजारची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून येते."

"मग मागच्या दाराला आधी कडी लाव."

"कडी? मावशीच्या तोंडावर? अहो, तिला काय वाटेल!"

"वाटू दे की. तिला ऐकू येतं का नीट?"

आर्लीटानं नाही म्हणून मान हलवली. व्हर्नामावशीचे कान कधीच गेलेत. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ती ते घरीच ठेवून हिंडते.

"मग तिला समोर बसवून सांग की घरात पिस्तूल आहे," टूमीबाई म्हणाल्या. "आणि कडी लाव. दोन्ही कर."

आर्लीटानं मान डोलावली. केलं मात्र एकही नाही. व्हर्नामावशी रोज यायची, कॉफी प्यायची, गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. आर्लीटाच्या ओठांवर शब्द यायचे आणि विरून जायचे. सांगायचं म्हणजे कबूल करायचं की मला माझ्याच घराची भीती वाटते. आणि कडी लावायची म्हणजे मावशीला विमावाल्यांच्या रांगेत बसवायचं. मी पलंगाशेजारच्या खणात पडून हे सगळं ऐकत होतो. सांग गं बाई, सांग एकदाची, असं मला ओरडावंसं वाटे. माझा आवाज कसला, तुम्हाला ठाऊक आहे. न ओरडलेलाच बरा.

वेंडेल रस्त्यावरून फोन करायचा, "झोप लागते का?"

"लागते की. आता काय, पिस्तूल आहे ना," ही म्हणायची. कसली झोप! फ्रिज जरा खडखडला की हिचा हात खणाकडे. मी आल्यावर तिची भीती जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. भीती गेली नाही, तिच्या हातात मी आलो, एवढंच.

आणि मग तो दिवस उजाडला. बाहेर वारा सुसाटलेला. आर्लीटाला ताप, म्हणून ती कामावर गेली नव्हती. दुपारी तापाची गोळी घेऊन पडली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात धप्पकन कपाट वाजलं. मग दुसरं वाजलं. कुणीतरी कपाटं उघडून बघत होतं.

ती ताडकन उठली. खण उघडला, मला उचललं, पलंगामागे गुडघ्यावर बसली. सगळं शिकवल्यासारखं. फोन मात्र राहिला होता स्वयंपाकघरात. ती ओरडली, "कोण आहे? माझ्याकडे पिस्तूल आहे!"

उत्तर नाही. पावलं मात्र घरातल्या बोळातून जवळ येऊ लागली.

"तिथंच थांब! मी गोळी घालीन!"

पावलं थांबली नाहीत. दाराची मूठ फिरली. तिचं बोट माझ्या कुशीला सरळ टेकलेलं होतं. खोटं कशाला सांगू? मला सुटायचं होतं. आत जा, आत जा, असं मी त्या बोटाला म्हणत होतो. बोट वाकलं. चापाच्या कडेला लागलं. आणि तिथं थांबलं, कारण दार उघडलं होतं तरी माणूस अजून दिसला नव्हता.

आधी दिसलं ते फडक्यानं झाकलेलं भांडं. मग ते धरणारे दोन सुरकुतलेले हात. मग पांढरं डोकं.

"जागी आहेस होय गं? शाळेत कळलं तुला ताप आहे म्हणून. कोंबडीचा रस्सा आणलाय, पण मेलं मीठ विसरले. हल्ली मीठ कुठं ठेवतेस तू?"

आणि मग व्हर्नामावशीला मी दिसलो.

आर्लीटानं मला खाली केलं. काडतुसं काढली, पट्टी मागे ओढली, उघडून बघितलं. हातांना सगळं आठवत होतं, तिला काहीच समजत नव्हतं. "मावशी, मी ओरडले गं. दोनदा ओरडले," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"मला वाटलं, वारा आहे," मावशी म्हणाली. तिनं भांडं ठेवलं, आर्लीटाचं कपाळ पुसलं. "खाऊन घे. निवेल." पण त्या दिवशी ती कॉफीला थांबली नाही.

वेंडेलनं येऊन मागच्या दाराला कडी ठोकली. टूमीबाई आता प्रत्येक वर्गात आर्लीटाच्या बोटाचं कौतुक करतात. मी उशाशीच असतो, पण पोलादी पेटीत, कुलपात. सगळे म्हणतात, देवाची कृपा, कुणाला काही झालं नाही. त्या बोटाला मी काय म्हणत होतो, ते मला एकट्यालाच ठाऊक.

पिस्तूल घ्यायला निघालेल्या बाबांनो, बायांनो, आमचा नखरा मागाहून बघा. चांगलं बसेल ते घ्या, नीट शिका, बोट बाहेर ठेवा. पण त्याही आधी, तुमच्या घरात न विचारता येणाऱ्या माणसाला समोर बसवा आणि सांगून टाका. लाज वाटली तरी सांगा. माझ्यासारख्या उतावळ्यावर हे काम सोपवू नका, एवढी हात जोडून विनंती आहे. मला हात नाहीत, तरी.

व्हर्नामावशी बरेच दिवस फिरकली नाही. काल आली. पुढच्या दारानं. कानात यंत्र घातलं होतं, त्याची शिट्टी मला पेटीतही ऐकू आली. तिनं घंटी वाजवली. आर्लीटा धावत बोळात गेली आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "कोण आहे?"

बाहेरून मावशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी व्हर्ना. व्हर्ना हॅगर्टी. शेजारी राहते."