माझा उजवा खांदा

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. मला पाहून लोक आधी हसतात आणि मग जवळ येतात. माझं कापड बाहेरून चकचकीत, आतून मळकट राखाडी. डावा खांदा सरळ, पण उजवा पंखासारखा थेट कानापर्यंत वर गेलेला.

बाईंनी मला शिवलं तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. अजब कपड्यांच्या एका प्रदर्शनात मी मिरवलो. "काय धाडसी खांदा आहे!" म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे फॅशन बदलली आणि मी कपाटात गेलो. एकतीस वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं काढली.

एके सकाळी बाईंच्या लेकीनं मला बाहेर काढलं. ती संगणकावर कपडे बेतते. तिनं मला टेबलावर पालथं घातलं, टेपनं माझं इंच न् इंच माप घेतलं, चहूबाजूंनी फोटो काढले. पडद्यावर हळूहळू माझ्यासारखाच एक कोट उभा राहिला. धूळ नाही, सुरकुती नाही. मला ते लक्षण काही बरं दिसेना. नवं आलं की जुन्याचं काय होतं, हे मी कपाटातून पुष्कळदा पाहिलं होतं.

बाईंनाही चैन नव्हतं. सारख्या दारात येऊन विचारायच्या, "उसवत नाहीस ना गं?"

पडद्यावरच्या कोटाचा उजवा खांदा मात्र वर जाईना. लेकीनं डाव्या बाहीवरून, आरशात दिसावी तशी, उजवी बाही बनवली होती. तिनं कापड जाड केलं, पातळ केलं, खांदा पडलेलाच. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

"आई, अस्तर उघडावं लागेल."

"हात लावू नकोस!" बाई अशा ओरडल्या, की मीही दचकलो.

लेकीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "आत काय लपवलंयस?"

 बाईंनी स्वतःच कात्री उचलली. एकेक टाका जपून उसवला.

"दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या," त्या हळूच म्हणाल्या. "कापड संपलेलं. बाही उलटवली असती तर मळकट बाजू बाहेर आली असती. मग तशीच जोडली आणि काखेत उरल्या चिंधीची ही तिकोनी कळी घातली, तर खांदा असा वर गेला. लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या, मी तोंड मिटून बसले."

आता ही हसणार, असं मला वाटलं. लेकीनं कळीचं माप घेतलं, पडद्यावर डावी बाही उजवीकडे जोडली. खांदा टुणकन वर गेला!

"आई, मला नसती गं सुचली ही कळी."

बाईंनी आधी तिच्याकडे संशयानं पाहिलं, मग खुदकन हसल्या. दुपारी त्यांनी माझं अस्तर पुन्हा शिवलं.

मित्रांनो, पडद्यावरच्या त्या जुळ्या भावावर माझा अजून पुरता भरवसा नाही. शिवताना बाही चुकल्याचं कळलं, तेव्हा बाई मला तोंडाशी धरून रडल्या होत्या. तो ओलावा त्याच्या अंगावर कुठून येणार? म्हणून विनवतो, नक्कल झाली की जुनं लगेच टाकून देऊ नका. आणि उसवायची वेळ आलीच, तर जिनं शिवलं तिला आधी शेजारी बसवा.