अर्धी दोराला, अर्धी खांद्यावर

मी घोंगडी बोलतेय. काळी, खरबरीत आणि आता अर्धीच उरलेली. हसू नका! ज्या अंगाला मेंढरांचा वास यायचा, त्या अंगाला आज मिठाचा आणि मासळीचा वास येतोय. शेंद्र्याच्या माळावर जन्मलेली मी कोकणातल्या एका खाडीत, शिडाच्या होडीवर, नांगराच्या दोराला गुंडाळलेली बसलेय. कशी आले म्हणता? सांगते. मला सांगायची हौस आहेच, पण त्याहून जास्त खोड आहे ती नसत्या चौकशा करायची.

मला आक्काबाईनं कातलं. नवं लग्न झालेलं होतं तिचं. मेंढरांमागं चालता चालता ती चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, लोकरीचं सूत काढायची, तोंडानं गाणं चालूच. मग सांडू विणकरानं मला विणलं, चिंचोक्याची खळ पाजून उन्हात ताणलं, आणि आक्काबाईनं मला नवऱ्याच्या, मुंजाबाच्या खांद्यावर टाकलं. "लई टोचती गं," तो म्हणाला. "टोचू दे, म्हंजी माझी याद राहील," ती म्हणाली. तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

मुंजाबाच्या खांद्यावरून मी मुलूख पाहिला. शेंद्र्याहून पार अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत कळप जायचा. पाऊस आला की डोक्यावरून माझी खोळ व्हायची, थंडीत मी अंथरूण आणि पांघरूणही, आणि नुकतं जन्मलेलं कोकरू असलं तर त्याचा पाळणासुद्धा मीच. शहरातल्या छावणीच्या बाजारात मुंजाबा मेंढ्यांचा भाव करायचा, तेव्हा मी कान टवकारून सगळ्या मुलखाच्या भानगडी ऐकून घ्यायची.

मग शेंद्र्याच्या माळावर तारेची कुंपणं आली, आत कारखाने उभे राहिले. चराई आटली, कळप निम्म्यावर आला. मुंजाबाचा लेक कडूबा शहरात फिटरचं काम शिकला आणि जहाजावर नोकरीला लागला. आमच्या घरात कुणी विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि हा गेला थेट समुद्रावर!

मुंजाबा गेला तेव्हा कडूबा घरी आला होता. आमच्या घरची रीत अशी, की तेराव्याला थोरल्या लेकानं बापाची घोंगडी खांद्यावर घ्यायची. घेतली की कळप त्याचा, घर त्याचं, आणि मग त्याला माळ सोडता येत नाही. आक्काबाईनं मला पुढं केलं. कडूबानं हातसुद्धा लावला नाही.

"माय, मेंढरं माझ्याच्यानं व्हायची नाय."

"मग कुणाच्यानं व्हायची?"

त्यानं पिशवी उचलली. तो निघून गेला आणि मी खुंटीवर टांगली गेले. पुढं बातमी आली, की त्यानं जहाजाची नोकरी सोडली, कोकणात एक जुनी शिडाची होडी घेतली आणि तिच्यातच राहतोय. भाकरी तिथं, झोप तिथं. दुसऱ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करून पोट भरतो म्हणे. गावात सगळे हसले. आक्काबाई नाही हसली. दिवाळी झाल्यावर तिनं कळप जावेच्या, दगडाबाईच्या हवाली केला, मला खुंटीवरून काढलं, भाकऱ्या बांधल्या आणि एसटीत बसली. "त्याच्या खांद्यावर टाकते हिला आन् घेऊनच येते," एवढं ती दगडाबाईला बोलून गेली.

आता खरं सांगू? मला कडूबाला घरी आणण्यापेक्षा ती होडी पाहायची घाई झाली होती!

आणि काय होडी! घर म्हणावं तर उभं राहिलं की डोकं छताला लागतं. प्रत्येक भांड्याला खिळा, प्रत्येक डब्याला दोरी. गोडं पाणी वाटीनं मोजून वापरायचं. आक्काबाई सगळं हात लावून बघत होती. शेवटी पुटपुटली, "हे तर आपलं बिऱ्हाडच की. फकस्त घोड्याच्या पाठीवर न्हाई, पाण्यावर हाय." कडूबा हसला. मला वाटलं, जमलं यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती वर आली आणि ओरडलीच. काल डोंगर उजव्या हाताला होता, आज डाव्या! "कडूबा! मला न इचारता कुठं आणलंस रं?"

"कुठं नाय माय. भरती-ओहोटीनं होडी फिरली. नांगर तिथंच हाय."

आक्काबाईनं वाकून नांगराचा दोर पाहिला. "म्हंजी दाव्याला बांधलेलं मेंढरू खुंट्याभोवती फिरतं, तसं?"

"व्हय, तसंच."

हे तिला पटलं. मलाही पटलं. मग तिनं मला उलगडलं आणि त्याच्यासमोर धरलं. कडूबाचं हसू गेलं.

"माय, तुला ठावं हाय. ही खांद्यावर घेतली की मला परतावं लागंल. इथं मी सुखात हाय गं."

"आन् मी? म्या काय करावं? बापाचा कळप इकून टाकू?"

तो उगाच दोराची गाठ चाचपायला लागला. ती म्हणाली, "ऱ्हायलं. उंद्याच्या गाडीनं जाते मी." मला तिनं अशी आवळून घडी घातली, की माझा जीव घुसमटला. दुपारपर्यंत दोघं एका हाताच्या अंतरावर, पण पाठ फिरवून; तिनं भांडी घासली, त्यानं शीड शिवलं. माणसांची ही तऱ्हा मला कधीच कळली नाही.

दुपारी आभाळ फिरलं. अवकाळी वारा खाडीच्या तोंडातून असा घुसला, की होडी दाव्याला झोंबणाऱ्या एडक्यासारखी उड्या मारायला लागली. मागं खडक होते. कडूबा पुढच्या टोकाशी पालथा पडून दोराकडं बघत होता. होडीच्या काठावर घासून घासून दोराचा एक पीळ तुटला होता. दोर तुटला तर होडी खडकावर, आणि दोघंही खडकावर. त्यानं दोराला चिंध्या बांधल्या, त्या फाटल्या. अंगातला सदरा काढून बांधला, तोही चिरला. मग त्याची नजर माझ्यावर आली. आली आणि लगेच वळली. बापाची घोंगडी त्याला मागवेना.

आक्काबाईनं ती नजर पाहिली.

दारातून ती रांगतच बाहेर आली, एका हातात मी, दुसऱ्या हातात मासळी कापायची सुरी. घोंगडी कापत नाहीत हो! तिच्यावर देव बसवतात. "बिरोबा, माफी कर," म्हणाली, मला कपाळाला लावलं आणि मधोमध चिरलं. दुखलं का? दुखलं. पण सुरी तिनं एकदाही थांबवली नाही.

"माय! दादाची घोंगडी!" कडूबा ओरडला; बापाला तो दादाच म्हणायचा.

"गप. एडक्याचा गळा काचू नये म्हून दाव्याला लोकर गुंडाळतोच ना आपण? मग लेकराच्या गळ्यापरीस घोंगडी मोठी व्हय? धर इकडून!"

दोघांनी मिळून माझा अर्धा भाग दोराला गच्च गुंडाळला, सुतळीनं आवळला. काठ मला चावत होता, घासत होता. मी ओली झाले, आक्रसले आणि आणखीच घट्ट बसले. सुटले नाही. सांज व्हायच्या आत वारा दमला.

दुसऱ्या दिवशी कडूबानं आईला छोट्या होडीतून काठावर न्यायची तयारी केली. उरलेला अर्धा भाग त्यानं उन्हात वाळवला होता. तो तुकडा घेऊन कडूबा तिच्यासमोर उभा राहिला. आता कडूबा तो आपल्या खांद्यावर टाकणार?

त्यानं तो आईच्या खांद्यावर टाकला.

"हे रं काय? बाईमाणसाच्या खांद्यावर?"

"सूत तूच काततीस, मेंढरं तूच वळतीस, दादा गेल्यापास्नं कळप तूच राखतीस. मग घोंगडी दुसऱ्या कुणाची असंल? कळप तुझा हाय, माय. चराई आणखी आटली की मला सांग, मी येईन. पर मालकीण तू."

आक्काबाईनं खांद्यावरची घोंगडी नीट केली. मग रडली, आणि रडता रडता म्हणाली, "अजून बी लई टोचती."

ती गावी गेली. तेव्हापासून मी इथं. भरती येते, डोंगर कूस बदलतो, मासे खालून मला बघून जातात. कडूबा रोज सकाळी येतो, मला चाचपतो आणि मगच चूल पेटवतो. मला सगळं बरं वाटतं, फक्त एक हुरहूर आहे. माझा तो दुसरा अर्धा भाग कसा असेल? कोकरं अजून त्याच्यात झोपतात का? गावातले लोक बाईच्या खांद्यावर घोंगडी पाहून हसले, की गप्प बसले?

तुमच्यापैकी कुणी कधी शेंद्र्याच्या रस्त्यानं गेलात आणि अर्धी घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरं वळणारी म्हातारी दिसली, तर थांबा. तिला आधी सगळं विचारून घ्या, काही सोडू नका. आणि मग माझा एवढाच निरोप सांगा, की दावं शाबूत आहे.