आर्डिथ कुणाबरोबर आहे?

आर्डिथचा नवरा व्हर्ल फेब्रुवारीत गेला, आणि सप्टेंबर संपता संपता त्याच्या मुलीचा, शॉनाचा, फोन आला.

"आर्डिथ, दरवर्षीसारखं आम्ही ऑक्टोबरच्या सुट्टीत टिनकप दरीत मुक्कामाला जातोय. तुम्ही येताय ना? बाबा नाहीत म्हणून यायचं थांबवू नका हं."

आर्डिथ तेव्हा पीच सोलत होती. हात पुसून ती म्हणाली, "येते की." पण फोन ठेवल्यावर तिने पीच बाजूला सारले. बोलणं गोडच होतं, पण घशाखाली उतरेना.

सात वर्षांपूर्वी तिने व्हर्लशी लग्न केलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती आणि व्हर्ल त्रेसष्टचा. त्याची पहिली बायको नोरीन आजारपणात गेली होती, दोन्ही मुलं आपापल्या संसारात होती. आर्डिथच्या येण्यावरून घरात कुणी वाकडा शब्द काढला नाही. कुणी भांडलं असतं तर पुढे समेट तरी झाला असता! तसं काहीच घडलं नाही. शॉना आणि तिचा धाकटा भाऊ केंडल दोघंही सभ्य, दरवर्षी वाढदिवसाला न चुकता कार्ड पाठवणारी. ती तिला 'आर्डिथ' म्हणत, नातवंडंही 'आर्डिथ'च म्हणत. 'आजी' ही हाक नोरीनसाठी होती आणि ती तिच्या फोटोबरोबर भिंतीवर गेली होती.

शुक्रवारी दुपारी आर्डिथ आपली गाडी घेऊन एकटीच निघाली. शेवटचे वीस मैल कच्चा रस्ता, दोन्हीकडे लाल खडक. टिनकप दरीच्या तोंडाशी वाळूचा नाला आहे, त्याच्या काठाने कॉटनवुडची झाडं आहेत. झाडं पिवळीधमक झाली होती. खाली तंबू उभे राहत होते. शॉनाचा नवरा रॉयस आणि त्यांची दोन मिसरूड फुटलेली मुलं मेखा ठोकत होती. केंडल आणि त्याची बायको अँबर सामान उतरवत होती. आठ वर्षांची ब्रिन्ली, केंडलची मुलगी, नाल्यात दगड गोळा करत होती.

आर्डिथने डिकीतून आपला तंबू काढला, तोच केंडल धावत आला.

"अहो, राहू द्या, राहू द्या! तुम्ही बसा बघू. मी उभा करतो."

"मला येतो रे उभा करता."

"येतो हो, पण कशाला? बसा तुम्ही."

तिच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. मग ती बटाटे सोलायला उठली, तर अँबरने हातातली सुरी काढून घेतली. ती सरपण आणायला निघाली, तर रॉयस म्हणाला, "ही दोन रेडकं कशाला पोसलीत मग? ए, उठा रे, लाकडं आणा!" सगळे हसले. आर्डिथही हसली आणि परत जाऊन बसली. पाहुण्याला कामाला लावत नाहीत.

जेवणाआधी सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि केंडलने प्रार्थना म्हटली. त्याने अन्नाचे आभार मानले, चांगल्या हवेचे मानले, आणि मग त्याचा आवाज जरा कापरा झाला. "आणि देवा, आईबाबा आता पुन्हा एकत्र आहेत, कायमचे एकत्र आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याबद्दल तुझे आभार."

"आमेन," सगळे म्हणाले. आर्डिथनेही म्हटलं.

त्यांच्या पंथात मंदिरात लागलेलं लग्न मरणाच्या पलीकडे टिकतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. व्हर्लचं आणि नोरीनचं लग्न तसं लागलं होतं. आर्डिथचं लागलं बिशपच्या दिवाणखान्यात, मरेपर्यंतचं. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. व्हर्ल जिवंत होता तोवर मरणानंतरची काळजी कशाला? पंथाला कॉफी चालत नाही, तरी रोज सकाळी तो तिच्या कपातली अर्धी कॉफी चोरून प्यायचा आणि म्हणायचा, "केंडलला सांगू नकोस." एवढं तिला पुरत होतं.

त्या संध्याकाळी शेकोटीभोवती जुन्या गोष्टी निघाल्या. नोरीन एकदा विंचू बुटात घेऊन अर्धा मैल चालली होती. नोरीनने बिडाच्या भांड्यात भाजलेला पीचचा गोड कॉब्लर करपला, तरी बाबांनी तो तीन वाट्या खाल्ला. प्रत्येक गोष्ट आर्डिथने व्हर्लच्या तोंडून ऐकलेली होती, आणि तो जास्त रंगवून सांगायचा. पण मध्ये बोलायचं कसं? ती गालात हसत ऐकत राहिली.

शनिवारी सकाळी नऊला सगळे दरीत निघाले. चार मैल वाळूतून चाललं की भिंती जवळ येतात आणि पुढे अरुंद घळ लागते. घळीत एके ठिकाणी पुरुषभर उंचीचा धोंडा अडकून बसला आहे. त्यावर चढलं तरच पुढे जाता येतं. पोरं माकडांसारखी वर गेली. ब्रिन्लीला बापाने उचलून दिलं. आर्डिथने धोंड्याकडे पाहिलं आणि मग आपल्या डाव्या खुब्याकडे.

"आम्ही खालून ढकलतो ना," रॉयस म्हणाला. "दोघं मिळून."

"मी काय पियानो आहे? जा तुम्ही. मी इथं सावलीत बसते."

केंडलने घड्याळ पाहिलं. "दोन तास. याच वाटेने परत येतो. इथून हलू नका हं, आर्डिथ."

"नाही हलत."

त्यांचे आवाज वळणापलीकडे गेले, थोडा वेळ भिंतींतून घुमत राहिले आणि मग थांबले. अकरा वाजले होते.

पहिला तास बरा गेला. तिने थर्मासमधली कॉफी प्यायली. इथं कपाकडे बघून न बघितल्यासारखं करणारं कुणी नव्हतं. खडकात एक रांजणखळगा होता, त्यातल्या पाण्यात नखाएवढे किडे पाठीवर पोहत होते. ते पाहण्यात वेळ गेला. एक चिमुकला पक्षी वरच्या कपारीतून शीळ घालायचा. शीळ जिन्यावरून उतरत यावी तशी खाली खाली यायची.

एक वाजला, मग दोन. तिने सँडविच खाल्लं, अर्धं ठेवलं. आभाळ निळंशार होतं, पुराची भीती नव्हती. उशीर व्हायचाच, पोरं बरोबर आहेत. अडीच वाजता तिने उरलेलं अर्धंही खाल्लं.

आर्डिथने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. रोज दुपारी शेवटचं मूल उतरलं की ती बस बंद करून मागच्या बाकापर्यंत चालत जायची आणि प्रत्येक बाकाखाली वाकून बघायची. सव्वीस वर्षांत दोनदा झोपलेलं मूल सापडलं होतं, दोनदाच. पण ती रोज जायची. आता एकदम तिच्या मनात आलं: सात माणसं वर गेली आहेत. कुणी पडलं असेल, कुणाचा पाय मोडला असेल, म्हणूनच आली नाहीत.

ती धोंड्याला भिडली. एका खाचेत बूट रोवला, हात वर टाकला आणि अंग उचललं. खुब्यातून कळ गेली, बूट सटकला आणि नडगीचं सालटं निघालं. ती वाळूत बसली, परत उठली, तोंडाला हात लावून ओरडली.

"व्हर्ल!"

भिंतींनी ते नाव तीन वेळा परत आणलं. ती चपापली. तिला केंडलला हाक मारायची होती, शॉनाला मारायची होती. तोंडून हे कसं निघालं? इथं ऐकायला कुणी नव्हतं, तरी तिचे कान तापले. मग तिने "केंडल" अशीही हाक मारली, पण त्या हाकेत तेवढा जीव नव्हता.

तीन वाजता घळीतलं ऊन भिंतीच्या वर गेलं आणि गारठा आला. हलू नका म्हणाले होते. पण वर कुणी जखमी असेल तर बसून राहून काय उपयोग? कच्च्या रस्त्यावर गाडी काढून मदत आणता येईल. तिने पिशवी खांद्याला मारली आणि चार मैल परत चालायला लागली. वाळूत पाय रुतत होते. दर अर्ध्या मैलाला ती थांबायची, मागे वळून कान द्यायची.

साडेपाचच्या सुमाराला झाडं दिसली. मग धूर दिसला आणि कांदा-बटाट्याचा वास आला. मग रॉयसचं हसणं ऐकू आलं, मोठ्याने, पोट धरून हसावं तसं. त्या हसण्याने तिला सगळं कळलं. कुणाला काही झालेलं नव्हतं. ती झुडपाआड क्षणभर उभी राहिली. गाडीपाशी गुपचूप जाता येईल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण किल्ल्या तंबूत होत्या.

शॉनाने तिला आधी पाहिलं. हातात डाव, चेहऱ्यावर हसू.

"आलात? कसा आहे ब्रिन्लीचा पाय? आणि केंडलची गाडी कुठंय, आवाज नाही आला?"

"ब्रिन्लीच्या पायाला काय झालं?" आर्डिथने विचारलं.

 शॉनाची नजर तिच्या बुटांवरच्या वाळूवर गेली, नडगीवरच्या सुकलेल्या रक्तावर गेली.

"तुम्ही केंडलबरोबर गावात गेला नव्हतात?"

"मी धोंड्यापाशी होते."

हळूहळू उलगडा झाला. वर ब्रिन्लीचा पाय मुरगळला होता. तिला घेऊन धोंडा उतरणं अवघड, म्हणून सगळे वरच्या कड्याने बाहेर पडले आणि सरळ मुक्कामावर आले. आर्डिथला निरोप द्यायला दुसरा कुणी तरी खाली गेला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. केंडल आणि अँबर मुलीला घेऊन तडक गावातल्या दवाखान्यात गेले. आर्डिथ त्यांच्या गाडीत आहे असं शॉनाने धरलं. आर्डिथ शॉनाबरोबर आहे असं केंडलने.

"अरे देवा!" शॉनाच्या हातातला डाव खाली पडला. "अहो, सहा तास! सहा तास तुम्ही... आम्ही इथं बटाटे तळतोय, पत्ते खेळलो आम्ही!" आणि ती ढसाढसा रडायला लागली. रॉयस टोपी हातात घेऊन अपराधी मुलासारखा उभा.

आर्डिथने पिशवी खाली ठेवली. शॉनाला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं. "झालं ते झालं. मी आलेय ना? रडू नको."

"बाबांना काय वाटलं असतं!" शॉना तिच्या खांद्यावर हुंदके देत म्हणाली. "बाबांनी मला कधी माफ केलं नसतं. बाबांना काय तोंड दाखवू मी?"

"काही नाही वाटलं असतं त्याला," आर्डिथ म्हणाली आणि थोपटत राहिली. तिला बसायचं होतं. शॉना आपल्या बापासाठी रडते आहे, हे तिला कळत होतं. आठ महिने साठलेलं असेल. त्यात आपला वाटा किती, हे विचारण्याची ही वेळ नव्हती.

केंडल अंधार पडता पडता आला. शॉनाने त्याला गाडीपाशीच गाठून सांगितलं. तो आला तो आर्डिथपुढे गुडघ्यावर बसला आणि "चूक माझी" एवढंच म्हणत राहिला. त्यानंतर जे सुरू झालं ते आर्डिथला घळीपेक्षा जड गेलं. पहिलं ताट तिला, चांगली खुर्ची तिला, दोन ब्लँकेटं तिच्या अंगावर. अँबरने नडगीला औषध लावलं. पोरांनी दर दहा मिनिटांनी विचारलं, "काही हवंय का, आर्डिथ?" नोरीनची एकही गोष्ट त्या संध्याकाळी निघाली नाही. सगळे हळू आवाजात बोलत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं.

"तो विंचवाचा किस्सा पुरा सांगा की कुणी," ती शेवटी म्हणाली. कुणीच सांगितला नाही.

रविवारी सकाळी तंबू उतरत होते. ब्रिन्लीचा पाय बांधून खोक्यावर ठेवलेला होता, आणि तिलाही उठायची मनाई होती. दोघी शेजारी-शेजारी खुर्च्यांत बसल्या, हातात गरम चॉकलेटचे पेले.

"आर्डिथ, हे लोक तुला विसरले ना?"

पलीकडे मेख उपटणाऱ्या अँबरचा हात थांबला.

"हो, विसरले."

"तू रडलीस?"

"नाही. नडगी लागली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं जरा."

"मी खूप ओरडले असते."

"मीसुद्धा ओरडले."

"मग कोणी आलं का?"

"नाही ग."

ब्रिन्लीने विचार केला. "कुणाला हाक मारलीस?"

"तुझ्या आजोबांना."

"ते तर मेलेत."

"हो ना. घाईत लक्षातच आलं नाही."

ब्रिन्ली खुदकन हसली, मग आपण हसायला नको होतं की काय म्हणून तिने आर्डिथच्या तोंडाकडे बघितलं. आर्डिथ हसत होती. केव्हापासून कुणी तिला सरळ काही विचारलं नव्हतं.

निघताना शॉनाने तिला घट्ट मिठी मारली. "पुढच्या वर्षी याल ना? नाही म्हणू नका."

"बघू," आर्डिथ म्हणाली. शॉनाचा चेहरा उतरलेला पाहून तिने आणखी एक वाक्य जोडलं, "आले तर तंबू मी उभा करीन."

"करा," शॉना म्हणाली. "नक्की करा."

कच्चा रस्ता संपला आणि डांबरी लागला, तशी पुढच्या सीटवरचा फोन वाजला. आर्डिथने गाडी कडेला घेतली. शनिवारी दुपारी चार चाळीसला केंडलने गावातून पाठवलेला निरोप होता, रेंज नसल्यामुळे आत्ता पोचलेला: "आर्डिथ, हाड शाबूत आहे, नुसता मुरगळलाय. शॉनाला सांगाल? ती उगाच काळजी करत बसते."

चार चाळीसला ती वाळूत थांबून मागे कान देत होती. तिने निरोप पुन्हा वाचला. त्याच्या मनात ती त्या वेळी शेकोटीपाशी बसलेली होती, शॉनाच्या शेजारी, घरातलीच एक असल्यासारखी. त्याने बहिणीला सोडून तिला कळवलं होतं.

 तिने "सांगते" असं लिहिलं, मग ते वेडेपणाचं वाटून पुसलं. समोरून घोडे नेणारी एक ट्रॉली येऊन कच्च्या रस्त्याला लागली, तिची धूळ बसेपर्यंत ती थांबली. मग आरशात पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. घर अजून दीड तास होतं.