पहिल्या पानावरचं मरण

मोठ्या माणसांचे मृत्युलेख आम्ही वर्तमानपत्रवाले आधीच लिहून ठेवतो. ऐन वेळी धांदल नको म्हणून. त्यात कुणाचं वाईट चिंतणं नसतं. माजी राष्ट्रप्रमुखांचा लेख अकरा वर्षं माझ्याकडे होता. दर वर्षी वय बदलायचं, एखादा आजार वाढवायचा. बावीस वर्षांची सत्ता, सात धरणं, दोन युद्धं, एक मुलगी. परवा त्यांचा नव्वदावा वाढदिवस होता. छपाईला वाढदिवसाचा लेख पाठवायचा, तर मी हा पाठवला. मुद्दाम नाही. संपादकांना तसं सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. दोघांनी समजूतदारपणे मान डोलावली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

सकाळी नऊला फोन आला. तो आवाज अख्ख्या देशाला पाठ होता.

"बाई, मारलंत मला. आता या आणि निस्तरा."

मी पोचेपर्यंत दुपार टळली होती. बंगल्याच्या फाटकावर पहारेकरी नव्हता. दिवाणखाना माणसांनी गच्च भरला होता आणि मुलगी आतल्या दाराशी उभी राहून एकेकाचं सांत्वन ऐकून घेत होती.

"माफ करा, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चूक कसली? फार छान लिहिलंत. बाबा शांतपणे गेले, हे वाचून बरं वाटलं."

तिच्या मागे दार उघडं होतं. आत बाबा पायजम्यात खुर्चीवर बसले होते. तिने वळून सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि रुमाल डोळ्यांना लावला. 

मी आत गेले. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती.

"सकाळपासून पाणी नाही," ते म्हणाले. "नर्स आली, चादर काढून घेऊन गेली. मी ओरडलो, तर खिडकी लावली तिने. चार वाजता न्यायला येणार आहेत म्हणे."

साडेतीन झाले होते. मी त्यांना पाणी दिलं. ते घटाघटा प्यायले.

"तुम्ही बाहेर जाऊन नुसतं सांगा, मी आहे म्हणून. लिहिणारीचं ऐकतील."

लिहिणारीचं कदाचित ऐकलंही असतं, पण सवय जुनी होती. त्यांच्या राजवटीत पहिल्या पानावर छापलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुरुस्ती छापायची नाही, हा त्यांचाच हुकूम. पुढे सरकारं बदलली, पण लोकांच्या हाडीमाशी भिनलेलं गेलं नाही.

"माझा दादा शाळेत शिकवायचा," मी म्हणाले. "स्वतःच्या मरणाची बातमी त्याने आईशेजारी बसून चहा पिता पिता वाचली. अपघातात गेला, असं छापलं होतं. आम्ही पोट धरून हसलो. मग त्याने तुमच्या कचेरीत फोन केला. सचिव म्हणाला, छापलंय म्हणजे बरोबरच असणार. दुपारी गाडी आली."

त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. तेवढं मला दिसलं.

"असे बरेच होते," ते म्हणाले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "पण मी जिवंत आहे ना, बाई. हात बघा, गरम आहे."

"त्याचाही होता."

ते रडायला लागले. नव्वद वर्षांचा म्हातारा, नाक पुसायला रुमालही कुणी ठेवला नव्हता. मला दया आली. खोटं कशाला बोलू, फार दया आली. दादा गेल्यावर आई सहा वर्षं फाटकाकडे तोंड करून बसली होती, तेही त्याच वेळी आठवलं.

मी दारातून बाहेर आले, तर चार माणसं लांब पेटी घेऊन उभी होती. दिवाणखान्यातले सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या मागे खुर्ची करकरली. ते उठायला धडपडत होते.

पुढचा माणूस अदबीने म्हणाला, "ताई, आत कुणी आहे का?"

"कुणी नाही," मी म्हणाले आणि त्यांना वाट दिली.